पाचशेच्या स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सचिव,
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सातारा
आणि
जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, सांगली



कोर्टाच्या फाटकासमोरचा रस्ता सगळ्या तालुक्यांत जवळजवळ सारखाच असतो. दहिवडी, वडूज, विटा, जत, कुठेही जा. मुद्रांक विक्रेत्याची खिडकी, झेरॉक्सचे दुकान, चहाची टपरी आणि त्यांच्या मधोमध टायपिस्टची टेबले. या टेबलांवरच्या संगणकात एक मजकूर कायम तयार असतो. उभयतांचे पटत नाही, राजीखुशीने वेगळे होत आहेत, यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क उरलेला नाही, दोघांनाही दुसरे लग्न करायला मोकळीक आहे. नावे आणि तारखा बदलल्या, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, नोटरीचा लाल शिक्का उठला की अर्ध्या-पाऊण तासात सोडचिठ्ठी हातात. पूर्वी ती शंभराच्या स्टॅम्पवर होत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने बऱ्याच दस्तांसाठी शंभराच्या जागी पाचशे केले, तेव्हापासून ती पाचशेच्या स्टॅम्पवर होते. मंडळी एस.टी. पकडून घरी जातात. लग्न मात्र जिथल्या तिथे असते.

हे पत्र त्या कागदाबद्दल आहे, आणि जो कागद खरा उपयोगाचा आहे तो त्याच रस्त्यावर का मिळत नाही, याबद्दल.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. तो जैन, बौद्ध, शीख आणि लिंगायत यांनाही लागू आहे, म्हणजे सांगलीकडची जैन घरे आणि जतकडची लिंगायत घरे त्यात आली. मिरजेतल्या मुस्लिम आणि ख्रिस्ती कुटुंबांचे कायदे वेगळे आहेत. ती गोष्ट दोन ओळींत उरकली तर त्यांच्यावर अन्याय होईल, म्हणून ती इथे बाजूला ठेवलेली बरी. १९५५ च्या कायद्याखालचे लग्न मोडते ते न्यायालयाच्या हुकूमनाम्याने. कलम २९ मध्ये एक खिडकी ठेवली आहे, ती जातीत पूर्वापार चालत आलेल्या रूढीसाठी. टायपिस्ट नेमका हाच आधार सांगतो. पण आमच्यात अशी रूढी आहे, एवढे म्हणून भागत नाही. ती कैफियतीत स्पष्टपणे मांडावी लागते आणि पुराव्याने शाबीत करावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये अशाच एका लेखी सोडचिठ्ठीच्या प्रकरणात सांगितले. पाचशेच्या स्टॅम्पवरच्या कागदात रूढीचा र सुद्धा नसतो.

रूढी होती, हे खरे. काडीमोड हा शब्द मराठीत उगाच आलेला नाही. अनेक जातींत पंचांसमोर गवताची काडी मोडून नवरा-बायको मोकळे होत, आणि बाई पाट लावून पुन्हा संसाराला लागे. शेजारच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९ साली काडीमोडीचा कायदाच केला. बडोद्यात सयाजीरावांनी १९३१ मध्ये घटस्फोटाचा कायदा आणला, मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला. १९५५ च्या कायद्यात घटस्फोट आला खरा, पण कोणाचा तरी दोष दाखवूनच. दोघांच्या संमतीने वेगळे होण्याची वाट, म्हणजे कलम १३ब, १९७६ च्या दुरुस्तीने उघडली. पंच जे काम एका दुपारी उरकत, ते कायद्यात बसायला एवढी वर्षे गेली. लोक अजून जुन्याच वाटेने टायपिस्टकडे जातात, याला नुसता अडाणीपणा म्हणून चालणार नाही. त्यांना तिथे एक ओळखीची गोष्ट दिसते: चार माणसे, एक बैठक, एक निकाल.

बैठकीचे चित्र आपल्याला ठाऊक असेल. मुलीकडून मामा, मुलाकडून चुलता, मध्ये माजी सरपंच किंवा पोलीस पाटील. देण्याघेण्याचा आकडा ठरतो, भांडी आणि दागिने मोजून परत होतात. मुलगी आत स्वयंपाकघरात असते. तिला काय पाहिजे, हे मामा सांगतो.

या कागदाचे फळ बऱ्याच वर्षांनी हातात पडते. पुन्हा लग्न केलेल्यावर पहिल्या जोडीदाराने तक्रार केली तर पूर्वीचे कलम ४९४, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८२, आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. फौजदारी टळली तरी पेन्शन अडते. सोलापूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातला एक शिपाई १९९६ मध्ये वारला. पहिले लग्न कायद्याने मोडलेले नसताना त्याने दुसरे केले होते. त्या दुसऱ्या पत्नीचा पेन्शनचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये फेटाळला, कारण ते लग्न कायद्याच्या लेखी झालेलेच नव्हते. सातारा-सांगलीच्या घराघरांत सैन्याचे, पोलिसांचे, एस.टी.चे आणि जिल्हा परिषदेचे पेन्शन आहे. तिथे हे प्रकरण दूरचे वाटू नये.

आता खरा कागद कसा असतो ते पाहू. संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज म्हणजे बहुधा चार-पाच पाने. दोघेही अर्जदार, त्यामुळे जाबदार कोणीच नाही. लग्नाची तारीख आणि ठिकाण, दोघांचे वय, धंदा, पत्ता, मुलांची नावे आणि जन्मतारखा, लग्न झाले तेव्हा दोघे अविवाहित होते की विधवा-विधुर. किमान एक वर्षापासून वेगळे राहत असल्याची तारीख. याआधी कुठल्या कोर्टात काही दाखल असेल तर त्याचा तपशील. संमती जबरदस्तीने किंवा फसवून घेतलेली नाही, हे विधान. मग अटी: पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा, भेटीचे दिवस. शेवटी सत्यापन आणि प्रतिज्ञापत्र. सोबत कागदयादी, पत्त्याचा मेमो, लग्नाचा फोटो, पत्रिका किंवा विवाह नोंदणीचा दाखला, आधार, रेशन कार्ड.

यातल्या दोन गोष्टींवर लोक हमखास अडखळतात. पहिली, वेगळे राहणे. वाड्यात दोन चुली झाल्या, पण उंबरा एकच, तर ते वेगळे राहणे धरतात का? धरतात. पती-पत्नी म्हणून नांदत नसतील तर एका छपराखालीही माणसे वेगळी असू शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये म्हटले आहे. दुसरी, सहा महिने. पहिल्या अर्जानंतर किमान सहा आणि जास्तीत जास्त अठरा महिन्यांत दोघांनी पुन्हा येऊन सांगायचे की विचार बदललेला नाही. २०१७ च्या अमरदीप सिंग प्रकरणापासून हे सहा महिने सक्तीचे राहिलेले नाहीत. दोघांना वेगळे होऊन दीड वर्ष उलटले असेल, समेटाचे प्रयत्न संपले असतील आणि पोटगी-ताब्याचे सगळे ठरले असेल, तर ते माफ करण्याचा अर्ज देता येतो. तोही एक कागदच, आणि तो कोणी दिला नाही तर सहा महिने मुकाट्याने थांबावे लागते.

१९९१ च्या त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे, ती टायपिस्टला सहसा माहीत नसते. हुकूमनामा होईपर्यंत संमती टिकून राहिली पाहिजे. मधल्या सहा महिन्यांत कोणीही एक जण मागे फिरू शकतो. म्हणून ठरलेली सगळी रक्कम पहिल्याच तारखेला मोजून देणारा नवरा कपाळाला हात लावून बसतो, आणि रक्कम न घेताच फौजदारी केस मागे घेणारी बायकोही. अर्धी रक्कम पहिल्या तारखेला, उरलेली दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांसमोर डीडीने, अशी एक साधी ओळ अर्जात असली तर दोघांचीही झोप उडत नाही.

वकिलाशिवाय हे करता येते का? कायदा आडवा येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत पक्षकाराने स्वतः हजर राहण्याची वाट पहिल्यापासून आहे. १९८४ चा कौटुंबिक न्यायालय कायदा तर एक पाऊल पुढे जातो: त्या न्यायालयात वकील लावणे हा पक्षकाराचा हक्कच नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, यांच्याकडे जातो, आणि तिथेही दोघे स्वतः उभे राहू शकतात. भाषेची अडचण म्हणावी, तर २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. खर्चाची म्हणावी, तर घटस्फोट, पोटगी आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत बाईला कोर्ट फी १९९४ पासून माफ आहे, आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला २००४ पासून स्टॅम्पच लागत नाही. तरीही कोर्टासमोर प्रतिज्ञापत्रासाठी स्टॅम्प घेणाऱ्यांची रांग कमी होत नाही. मुद्रांक विक्रेत्याने ती स्वतःहून कमी करावी, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये.

मग अडते कुठे? नमुन्यावर. कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली २००६ चे नियम झाले, तेव्हा त्यांना अर्जाचा छापील नमुना जोडला गेला. बाईने तो स्वतः भरावा, अडली तर संरक्षण अधिकाऱ्याची मदत घ्यावी, आणि तिला वाचता येत नसेल तर त्या अधिकाऱ्याने तो वाचून समजावून सांगावा, असे नियमातच लिहिले आहे. त्यामानाने सोप्या असलेल्या संमतीच्या घटस्फोटाला मात्र तालुक्याच्या कोर्टात मागितला तर हातात पडेल असा, सरळ मराठीतला छापील नमुना नाही. तिथे नमुना आहे तो टायपिस्टच्या संगणकात, आणि तो चुकीचा आहे.

वकील नकोच, असे या पत्राचे म्हणणे नाही. दास्ताने विरुद्ध दास्ताने हे पुण्यातले प्रकरण १९६२ मध्ये दाखल झाले आणि १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. क्रौर्य सिद्ध झाले, असे न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी लिहिले, पण त्या वागण्यानंतरही पतीने संसार पुढे चालू ठेवला, म्हणजे ते माफ केले, असे ठरवून त्याला काहीही दिले नाही. तेरा वर्षे चाललेला वाद एका कायदेशीर मुद्द्यावर फिरला. दोघांपैकी एकाचाही नकार असेल, आरोप असतील, तर असे काम टेबलावर बसून छापील रकाने भरण्याचे नाही.

या दोन जिल्ह्यांत तर कागद अवघड करणारी कारणे मातीतच आहेत. खानापूर, आटपाडी, खटाव, माण इथली गलाई कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. नवरा कोईमतूरला, बायको विट्याला माहेरी, लग्न तिसऱ्याच गावात. दावा कुठे लावायचा? २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको आज राहते तिथल्या न्यायालयातही तिला दावा लावता येतो. नवऱ्याला मात्र तो केवळ स्वतःच्या राहत्या गावात लावता येत नाही. अपशिंग्यासारख्या सैनिकांच्या गावात आणखी वेगळे. जवानाला समन्स जाते ते त्याच्या कमांडिंग ऑफिसरमार्फत. तो सीमेवर विशेष परिस्थितीत तैनात असेल तर १९२५ च्या सैनिक कायद्याने दावा थांबूही शकतो. दुसरीकडे, जवान बायको-मुलांना टाकून बसला तर त्याच्या पगारातून त्यांच्यासाठी कपात करण्याची सोय १९५० च्या सेना कायद्यात आहे. गावच्या बैठकीत हे कोणाला ठाऊक असते?

आणि शेती. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये, मूळ नागपूरच्या एका प्रकरणात, पोटगी मागणाऱ्या आणि देणाऱ्या दोघांनाही मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र सक्तीचे केले. निकालाला नमुनेही जोडले, आणि त्यातला एक खास शेतकऱ्यांसाठी आहे. जमीन किती, त्यात हिस्सा किती, बागायत की जिरायत, वर्षभरात कोणती पिके, तीन वर्षांचे उत्पन्न, कोणाची जमीन खंडाने किंवा वाट्याने केली आहे का, म्हशी-गायी-शेळ्या किती, जमिनीवर कर्ज किती. हा नमुना वाचून वाळवा किंवा तासगावचा माणूस हसेल, कारण यातला प्रत्येक रकाना त्याच्या गावच्या भांडणाचा आहे. बाग बापाच्या नावे, बेदाण्याची पट्टी भावाच्या नावे, उसाचे बिल आईच्या खात्यावर, आणि जाबदार कोर्टात सांगतो की मजुरी करून खातो. सात-बारा, आठ-अ, फेरफार, कारखान्याचे ऊसबिल, सौद्याच्या पट्ट्या कुठून काढायच्या आणि कोणत्या क्रमाने दाखल करायच्या, हे सांगायला जाणता वकीलच पाहिजे. मुलाच्या खावटीचेही तसेच. मला पुढे काहीही नको, अशी ओळ आई स्वतःपुरती लिहू शकते. मुलाचा हक्क तिच्या सहीने सुटत नाही. टायपिस्टच्या मजकुरात दोघांना एकाच वाक्यात गुंडाळलेले असते.

असा वकील बाईला फुकट मिळतो, आणि तो देणे हे आपलेच काम आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम १२ सांगते की स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मालकाची बायको असो की शेतमजूर, दोघींना सारखा हक्क. ही मदत म्हणजे केवळ कोर्टात उभा राहणारा वकील नव्हे, अर्ज लिहून देणे आणि त्याचा टायपिंगचा खर्चही त्यात येतो. या मदतीसाठी १५१०० हा फोन क्रमांकही आहे. साताऱ्यात सदर बझारला आणि सांगलीत विजयनगरला जिल्हा न्यायालयाच्या आवारात आपली दारे आहेत, आणि ती उघडी असतात. पण उमदीहून सांगलीला किंवा कोयनेच्या पलीकडून साताऱ्याला येणाऱ्या बाईचा तेवढ्यासाठी अख्खा दिवस आणि रोजगार जातो. टायपिस्ट तिच्या तालुक्यातच भेटतो.

टाकलेल्या बाईचा प्रश्न या मुलखाला नवा नाही. वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर प्रतिसरकारच्या लढ्यातून आलेल्या. त्यांनी आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीतल्या बायकांनी परित्यक्तांना एकत्र केले आणि सरकारदारी मागणी नेली ती स्वतःच्या नावाच्या रेशन कार्डाची, घराच्या जागेची. म्हणजे कागदाचीच. साताऱ्यात अ‍ॅड. वर्षा देशपांडे आणि दलित महिला विकास मंडळ १९९० पासून बायकांच्या बाजूने उभे आहेत. चळवळींनी आपला वाटा उचलला. फॉर्म छापणे हे काही चळवळीचे काम नव्हे.

तेव्हा मागणी अशी. संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जाचा एक मराठी नमुना दोन्ही जिल्ह्यांच्या प्राधिकरणांनी मिळून तयार करावा. प्रत्येक रकान्याखाली बारीक अक्षरात लिहावे की इथे काय लिहायचे आणि काय लिहायचे नाही. सहा महिने माफ करण्याचा अर्ज त्यालाच जोडावा. पहिल्या पानावर पाच-सहा प्रश्न असावेत: दोघांची संमती आहे का, मूल आहे का, जमिनीवर वाद आहे का, दुसरी एखादी केस चालू आहे का, कोणी सैन्यात किंवा परदेशात आहे का. एका जरी प्रश्नाचे उत्तर अडचणीचे आले तर नमुना खाली ठेवून प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे जा, असे ठळक लिहावे. हुकूमनाम्याची एक प्रत दोघांनाही विनामूल्य देणे न्यायालयावर बंधनकारक आहे, कलम २३(४) तसे सांगते. ही ओळही त्यात हवी, कारण नकलेसाठी चकरा मारणारे पुष्कळ आहेत. अर्ज दाखल झाल्यावर मिळणारा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक लिहायला एक चौकोन ठेवावा. मोबाइलवर तो टाकला की पुढची तारीख दिसते, मग ती विचारायला कोणाच्या ऑफिसात ताटकळावे लागत नाही.

मुद्रांक विक्रेत्याच्या खिडकीशेजारी एक पाटीही लावावी: स्टॅम्पवरची सोडचिठ्ठी म्हणजे घटस्फोट नव्हे. विक्रेता कुरकुरेल. कुरकुरू द्यावे.

आणि आठवडी बाजाराच्या दिवशी तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात विधी स्वयंसेवकाचे एक टेबल. बाजाराला येणाऱ्या बाईला घरी कारण सांगावे लागत नाही. टेबलापाशी खुर्च्या दोनच असाव्यात, एक स्वयंसेवकाची आणि एक तिची. तिसरी ठेवली की तिथे मामा येऊन बसतो.